तापट, चिडका आणि डूख धरणारा

"यांचा स्वभाव जरा तापट आहे, पण मनात काही ठेवत नाहीत." नव्यानं आलेल्या सुनेला, रुजू झालेल्या कारकुनाला, बदलून आलेल्या मास्तरांना कुणी ना कुणी हे वाक्य ऐकवतंच. ऐकायला ती साधी सूचना वाटते, पण तिच्या पोटात तीन विधानं आहेत. राग येतो-जातो हे खरं असलं तरी काही माणसांत तो कायमचा वस्तीला असतो, हे पहिलं. चटकन भडकणं आणि डूख धरणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुसरं. आणि भडकणं माफ करण्याजोगं आहे, हे तिसरं. पहिल्या दोन विधानांच्या बाजूनं गेल्या काही दशकांत भरपूर पुरावा जमा झाला आहे. तिसऱ्याची बाजू मात्र लंगडी आहे.

भडकणं आणि डूख धरणं यांतला फरक जुन्यांनाही ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रकृतींची वर्णनं येतात. त्यांत पित्तप्रकृतीचा माणूस लवकर रागावणारा आणि तितक्याच लवकर प्रसन्न होणारा आहे. कफप्रकृतीचा माणूस सोशिक, धीराचा, कृतज्ञ. पण त्याचं वैर पक्कं. कफाच्या माणसाला आपण 'शांत' म्हणून मोकळे होतो, सुश्रुतानं मात्र त्या शांतपणाखालचं वैरही नोंदवून ठेवलं आहे. तिकडे ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात रागीट माणसांचे प्रकार पाडतो. काही जण लगेच भडकतात, नको त्या माणसावर भडकतात, पण लगेच निवतात. त्यांच्यातली हीच बरी गोष्ट, असं तो म्हणतो. दुसरे कडवट: राग आत दाबून ठेवतात, म्हणून तो टिकतो, आणि त्याचा जाच त्यांना स्वतःला आणि सर्वांत जवळच्या माणसांना होतो. गॅलेनच्या वैद्यकात शीघ्रकोपीपणाचा दोष पिवळ्या पित्ताकडे गेला. पित्ताचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. त्याच्या आधारानं केलेली माणसांची वर्गवारी मात्र बरीचशी टिकली, कारण ती पित्त बघून केलेली नव्हती, माणसं बघून केलेली होती.

आधुनिक मोजमापाची सुरुवात चार्ल्स स्पीलबर्गर यांच्यापासून धरतात. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञानं आधी चिंतेच्या बाबतीत 'आत्ता वाटणारी चिंता' आणि 'चिंता करण्याचा स्वभाव' वेगळे काढून दाखवले होते. 1980च्या दशकात त्यांनी तेच रागाबाबत केलं. त्यांच्या प्रश्नावलीत स्वभावातल्या रागासाठी दहा विधानं आहेत, प्रत्येकाला एक ते चार गुण. म्हणजे सगळ्यांत थंड माणसाला दहा आणि सगळ्यांत गरम माणसाला चाळीस. गंमत या दहांच्या आतल्या फाळणीत आहे. काही विधानं निव्वळ तापटपणाची आहेत: मी शीघ्रकोपी आहे, माझं डोकं लवकर तापतं, अशा धाटणीची. त्यांत कुणी काय केलं याचा उल्लेखच नाही. दुसऱ्या गटात कारण आहे: चारचौघांत कुणी चूक काढली, चांगल्या कामाची दखल घेतली नाही, दुसऱ्याच्या चुकीमुळे आपलं काम अडलं. पहिला माणूस कारण शोधतो, दुसऱ्याला कारण सापडतं. राग व्यक्त कसा होतो, हे स्पीलबर्गरनी आणखी निराळं मोजलं: बाहेर काढणं, आत जिरवणं, ताब्यात ठेवणं. म्हणजे 'रागीट' या एका शिक्क्याखाली निदान चार-पाच वेगवेगळी माणसं निघाली.

तापटपणा उपजत असतो का, याचं उत्तर शोधायला अगदी लहान बाळांकडे जावं लागतं, कारण त्यांना अजून घरानं फारसं काही शिकवलेलं नसतं. अमेरिकेत मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या सुमारास केलेला प्रयोग मला या साऱ्या साहित्यात सर्वांत बोलका वाटतो. काही महिन्यांच्या बाळाच्या मनगटाला दोरी बांधायची. बाळानं हात ओढला की समोर चित्र दिसतं आणि गाणं वाजतं. बाळं हे भराभर शिकतात आणि खूश होतात. मग संशोधक गुपचूप दोरीचा संबंध तोडतात. आता ओढलं तरी काही होत नाही. बहुतेक बाळांच्या चेहऱ्यावर राग उमटतो आणि ती आणखी जोरात ओढू लागतात. काहींचा चेहरा मात्र पडतो. चित्र आणि गाणं पुन्हा सुरू केलं की रागावलेली बाळं अधिक उत्साहानं खेळात परततात. पुढच्या प्रयोगांत त्यांनी ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मोजलं. खिन्न होण्याबरोबर ते वाढलेलं दिसलं, रागाबरोबर नाही. राग आधी येतो तो असा: हवी असलेली गोष्ट अडली म्हणून, ती मिळवण्याच्या धडपडीचा भाग म्हणून. शत्रूबित्रू नंतर.

ओरेगॉन विद्यापीठातल्या मेरी रॉथबार्ट यांनी उपजत प्रकृतीची, म्हणजे टेम्परामेंटची, जी मांडणी केली, ती आज या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाते. त्यांच्या मते प्रकृतीला दोन अंगं आहेत. एक प्रतिसादाचं: बाळ किती लवकर आणि किती तीव्रतेनं पेटतं. दुसरं स्वतःला आवरण्याचं: लक्ष दुसरीकडे वळवणं, हात मागे घेणं, थांबणं. पहिलं अंग जन्मापासून दिसतं. दुसरं पहिल्या वर्षाच्या अखेरीस उगवू लागतं आणि दोन ते सात वर्षांच्या दरम्यान झपाट्यानं वाढतं. तापट मूल म्हणजे पहिलं जोरदार आणि दुसरं कच्चं असलेलं मूल. यात भीतीचीही भूमिका आहे. जी बाळं उपजतच बुजरी असतात, ती पुढे कमी आक्रमक निघतात. अडवल्यावर जी बाळं फार चिडतात, ती सातव्या वर्षीही चिडकी असण्याची शक्यता जास्त, पण तीच हौशी आणि पुढे सरसावणारीही असतात. आपण एकाच मुलाला सकाळी 'किती उत्साही' आणि संध्याकाळी 'किती हट्टी' म्हणतो ते उगाच नाही.

त्याआधी, 1956 मध्ये, अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं न्यूयॉर्कमधल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. सुमारे दहा टक्के मुलं त्यांनी 'अवघड' ठरवली: अनियमित झोप, नव्या गोष्टीला नकार, तीव्र रडणं. पण त्यांचा मुख्य निष्कर्ष मुलाबद्दल नव्हता, जुळण्याबद्दल होता. मुलाची प्रकृती आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसला तर अवघड मूलही नीट वाढतं. नाही बसला तर सोपं मूलही बिघडतं. मेळाचं टोकाचं उदाहरण आफ्रिकेतून आलं. 1970च्या दशकातल्या दुष्काळात मार्टेन डी व्हरीस हे संशोधक मासाई लोकांत बाळांचा अभ्यास करत होते. नंतर परत जाऊन पाहिलं तेव्हा शांत बाळांतली बहुतेक दगावली होती, रडकी-चिडकी बाळं बहुतेक जगली होती. नमुना अगदी लहान होता, जेमतेम तेरा बाळं, त्यामुळे त्यावर सिद्धान्त उभारणं धाडसाचं. तरी त्यांचं स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे: जे आक्रोश करतं त्याला दूध जास्त वेळा मिळतं.

जुळ्यांच्या अभ्यासांतून रागीटपणातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग अनुवंशाकडे जातो असं दिसतं. बहुतेक स्वभावगुणांची हीच कथा असल्यामुळे यात खळबळजनक काही नाही. खळबळ उडवली ती 'क्रोधाचं जनुक' सापडल्याच्या बातम्यांनी. 1993 मध्ये एका डच कुटुंबातल्या आक्रमक पुरुषांत एका विकराच्या जनुकात दोष आढळला, 2002 मध्ये त्याच जनुकाचा आणि बालपणीच्या छळाचा एकत्रित परिणाम न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात दाखवला गेला. पुढच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आले. एका जनुकावर स्वभावाचं खापर फोडण्याचा काळ आता सरला आहे, वर्तमानपत्रांतून तो सरायला अजून वेळ लागेल.

लहानपणचा तापटपणा मोठेपणी कुठे नेतो? कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 1920च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या मुलांचा पिढीभर पाठपुरावा झाला. अॅवशलोम कॅस्पी, ग्लेन एल्डर आणि डॅरिल बेम यांनी 1987 मध्ये त्या नोंदी उलगडल्या. आठ ते दहा वर्षांच्या वयात आकांडतांडव करणाऱ्या मुलग्यांपैकी 46 टक्क्यांचा चाळिशीपर्यंत घटस्फोट झाला होता. इतरांत हे प्रमाण 22 टक्के. मध्यमवर्गीय घरांतल्या अशा मुलग्यांनी शिक्षण लवकर सोडलं, नोकऱ्या बदलल्या आणि चाळिशीत ते बापाच्या पायरीच्या खाली उभे होते. रागानं थेट नोकरी घालवली असं दरवेळी नव्हतं. रागामुळे शाळा सुटली, शाळा सुटल्यामुळे हलकी नोकरी मिळाली, हलक्या नोकरीत साहेबाची हुकमत आली आणि त्या हुकमतीनं पुन्हा राग पेटला. स्वभाव टिकतो तो असाही, स्वतःला पोसणारी परिस्थिती स्वतःभोवती गोळा करत. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' म्हणणाऱ्यांनी हा अर्धा भाग लक्षात घेतलेला नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रचलित पंचघटक नकाशात रागाची जागा शोधायला गेलं तर पंचाईत होते. कोस्टा आणि मॅक्रे यांनी त्याला भावनिक अस्थैर्याच्या घरात, चिंता आणि उदासी यांच्या शेजारी बसवलं. पण रागीटपणाचं नातं सौजन्याच्या अभावाशीही तितकंच घट्ट निघतं. माझ्या मते ही मोजणाऱ्यांची चूक नाही; रागीट माणसं खरोखरच दोन वस्त्यांतून येतात. एक जण सगळ्यावरच चिडतो, स्वतःवरही, आणि रात्री झोपू शकत नाही. दुसरा समोरच्याला फैलावर घेऊन घरी जातो आणि पोटभर जेवतो. पहिला स्वतः पिचतो, दुसऱ्याच्या भोवतालचे पिचतात.

मेंदूच्या अभ्यासानंही जुना समज हलवला. नकोशा भावनांचं केंद्र मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाशी आणि हव्याशा भावनांचं डाव्याशी जोडलं जाई. एडी हार्मन-जोन्स आणि जॉन ॲलन यांनी 1998 मध्ये दाखवलं की रागीट स्वभावाच्या मुलांत डावी बाजू अधिक सक्रिय असते. याला पूरक पुरावा जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी 2001 मध्ये दिला: घाबरलेली माणसं धोका जास्त आहे असं धरतात, रागावलेली माणसं तो कमी धरतात, अगदी आनंदी माणसांसारखा. राग नकोसा असतो हे आपण गृहीत धरतो, पण रागाच्या क्षणी माणसाला आपण बरोबर आहोत आणि आपण जिंकणार असं आतून वाटत असतं.

पण पेटण्याला निमित्त लागतं, आणि निमित्त बऱ्याचदा नजरेत असतं. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये मुलांना अशा गोष्टी दिल्या की ज्यांत दुसऱ्या मुलाचा हेतू धूसर होता: धक्का लागला, पण मुद्दाम की चुकून हे कळत नाही. आक्रमक मुलांनी सरळ 'मुद्दाम' असंच धरलं. विल्कोव्स्की आणि रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये या धाग्यावर मोठ्यांच्या रागीटपणाची मांडणी केली. तीन टप्पे: धूसर प्रसंगात वाईट हेतू दिसणं, दिसलेला हेतू मनात घोळत ठेवणं, आणि आवरण्याची ताकद वेळेवर न लावणं. गर्दीच्या लोकलमध्ये पायावर पाय पडतो तेव्हा पहिला टप्पा पाव सेकंदात पार होतो. दुसरा टप्पा कल्याण येईपर्यंत चालू शकतो. सुश्रुताचा पित्ताचा माणूस पहिल्या टप्प्यावर अडकलेला, कफाचा दुसऱ्या.

आता 'मनात काही ठेवत नाहीत' या सबबीकडे येऊ. हृदयविकाराच्या अभ्यासानं तिला सर्वांत कठोर धक्का दिला. 1959 मध्ये फ्रिडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी घाईगर्दी, स्पर्धा आणि चीड यांनी भरलेल्या माणसाला 'टाइप ए' नाव दिलं. सुरुवातीचे निकाल जोरदार होते, नंतरचे ढिले पडले; शिवाय या संशोधनातल्या बऱ्याच भागाला तंबाखू कंपन्यांचा पैसा होता हे पुढे कागदपत्रांतून उघड झालं. हृदयविकार स्वभावामुळे होतो म्हटलं की सिगारेट सुटते, हा हिशेब. गाळ बसल्यावर टाइप ए मधून जे उरलं ते घाई नव्हे, तर राग आणि वैरभाव. अमेरिकेतल्या चार ठिकाणच्या सुमारे तेरा हजार मध्यमवयीन लोकांच्या पाहणीत, 2000 मध्ये, उच्च रक्तदाब नसलेल्यांपैकी ज्यांचा स्वभावातला राग जास्त होता त्यांना हृदयविकाराचा धोका कमी रागवाल्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. त्याच पाहणीच्या पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात स्पीलबर्गरची फाळणी वापरली, आणि धोका निघाला तो निव्वळ तापटपणाशी. टीका, अडवणूक, अन्याय यांवर रागावण्याशी नाही. ॲरिस्टॉटलनं ज्यांना बरं म्हटलं आणि आपल्या घरांनी ज्यांना माफ केलं, तेच हे लोक. सगळ्या अभ्यासांची बेरीज घेतली तर परिणाम इतका भडक राहत नाही: चिडा आणि स्टेप्टो यांच्या 2009च्या आढाव्यात निरोगी लोकांत राग आणि वैरभावामुळे वाढलेला धोका 19 टक्के होता. दुपटीची बातमी होते, 19 टक्क्यांची होत नाही.

मग राग बाहेर काढला की मोकळं वाटतं, या विश्वासाचं काय? त्यामागे प्रेशर कुकरचं चित्र आहे: शिट्टी नाही झाली तर झाकण उडेल. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर हे तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांनी चिडवणाऱ्याचा विचार करत गुद्द्याची पिशवी बडवली तर राग वाढला. काहीच न करता गप्प बसलेल्यांचा राग त्यांच्याहून कमी होता. 2024 मध्ये 154 अभ्यासांची बेरीज झाली तेव्हाही तेच: शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टी, म्हणजे श्वसन, ध्यान, शिथिलीकरण, रागावर चालतात, चढवणाऱ्या गोष्टी चालत नाहीत. चरकसंहितेत वेग अडवू नयेत या विषयावर एक अध्याय आहे. मलमूत्र, शिंक, जांभई अडवू नका असं तो सांगतो, आणि त्याच अध्यायात क्रोधाचा वेग मात्र अडवावा असंही सांगतो. कुकरवाल्यांपेक्षा हे जास्त नेमकं आहे.

'स्वभावाला औषध नाही' हेही म्हणून पूर्ण खरं नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांपर्यंत चांगली पोचली. नजर बदलण्यावर तिचा भर आहे. 1998 मध्ये पन्नास अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा अशा विचारवर्तन उपचारांनंतरचा सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या 76 टक्के लोकांपेक्षा बरा निघाला. लवकर पेटणं फारसं बदलत नाही. पेटल्यावर काय दिसतं आणि किती वेळ जळतं हे बदलतं. शिवाय वयानं राग ओसरतो, हेही बहुतेक पाहण्यांत दिसतं. अडचण निराळीच आहे. चिंताग्रस्त माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जातो. रागीट माणसाला बायको, कोर्ट किंवा कंपनी पाठवते. ज्याला आपण बरोबर आहोत असं वाटतं, तो औषध कशाला घेईल?

आणि त्याला तसं वाटायला आजूबाजूचे मदत करतात. कचेरीतला तापट साहेब मंत्रालयातून फोन आला की तापट राहत नाही. स्वभाव जर खरोखर अनावर असता तर त्यानं वरचा-खालचा पाहिला नसता. अमेरिकेत आणि जपानमध्ये केलेल्या 2013च्या एका तुलनेत हे उघड झालं: अमेरिकेत राग जास्त व्यक्त करत होते ते खालच्या पायरीवरचे, वैतागलेले लोक, जपानमध्ये वरच्या पायरीवरचे, अधिकार असलेले. जपानी चित्र आपल्याला ओळखीचं वाटेल. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'अर्धसत्य' (1983) या गोविंद निहलानींच्या चित्रपटात इन्स्पेक्टर अनंत वेलणकरचा राग बापाकडून आलेला आहे, पण तो फुटतो बडा गुंड रामा शेट्टी याच्यासमोर नव्हे, कोठडीतल्या भुरट्या चोरावर. मार खाऊन तो चोर मरतो. शेट्टीपर्यंत राग पोचतो तो वेलणकरकडे गमावण्यासारखं काही उरत नाही तेव्हा.

राग कुणाच्या स्वभावात मोडतो आणि कुणाच्या परिस्थितीत, हेही असंच ठरतं. प्रश्नावल्यांच्या मोठ्या बेरजेत राग येण्याच्या बाबतीत स्त्री-पुरुषांत जवळजवळ फरक निघत नाही. जॉन आर्चर यांनी 2004 मध्ये हे दाखवलं. तरी 2008 मध्ये व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांनी लोकांना कामावर रागावलेल्या उमेदवारांच्या मुलाखती दाखवल्या, तेव्हा रागावलेल्या पुरुषाला जास्त मान मिळाला आणि रागावलेल्या स्त्रीला कमी मान आणि कमी पगार. पुरुषाच्या रागाचं कारण लोकांनी प्रसंगात शोधलं, स्त्रीच्या रागाचं तिच्या स्वभावात. मग संशोधकांनी एक बदल केला. रागावलेल्या स्त्रीच्या तोंडी तिच्या रागाचं बाहेरचं कारण घातलं, सहकाऱ्यानं काय केलं ते एका वाक्यात सांगितलं. तेवढ्यानं तिच्या मानाची घट भरून निघाली. पुरुषाला ते वाक्य उच्चारावं लागलं नव्हतं.